उजवा खिसा

कॅथरीनला शिवणकाम तिच्या आईनं शिकवलं. लग्न होऊन ती वसईजवळच्या या गावात आली तेव्हा सोबत शिलाई मशीन घेऊनच आली, आणि पुढं गावातल्या निम्म्या मुलींचे पहिल्या कम्युनियनचे पांढरे झगे त्याच मशीनवर शिवून झाले. पुरुषांच्या पँटी मात्र तिनं कधी शिवल्या नव्हत्या. खिसा किती खोल घ्यायचा, आतलं कापड कुठलं लावायचं, चालताना तो मांडीवर कसा बसतो, हे सगळं ती शिकली वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. नवऱ्याच्या खिशात रिव्हॉल्व्हर आलं म्हणून शिकली.

नवरा निकोलस. गावात सगळे निकू म्हणत. रस्त्याला लागून त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. वाड्यांमधल्या विहिरींवरचे पंप जळले की तांब्याची तार नव्यानं भरायला त्याच्याकडे यायचे. लग्नसराईत तो कॉन्रॅडच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा, आणि खरं विचाराल तर पंप हे पोटासाठी होते, जीव त्या पितळी नळीत होता. दोघांना मूलबाळ झालं नाही. शेजारच्या बेनेडिक्टचा मुलगा ग्लेन यांच्याच ओटीवर वाढला. निकूनं त्याला फुंकायला शिकवलं, कॅथरीननं त्याच्या शाळेच्या चड्ड्या उसवून मोठ्या केल्या. ग्लेन दोन घरचा मुलगा होता म्हणा ना.

त्या वर्षांत विरार, नालासोपाऱ्यात इमारतींचं रान माजलं होतं आणि त्यांना पाणी नव्हतं. ते पाणी वसईच्या वाड्यांमधून जायचं, टँकर भरभरून. विहिरी खारट व्हायला लागल्या, केळी माना टाकू लागली, तेव्हा बेनेडिक्टनं गावातली माणसं गोळा केली आणि टँकरची वाट अडवली. एकदा नाही, तीनदा. तो काही पुढारी नव्हता. आवाज मोठा होता आणि भीती कमी होती, एवढंच.

सत्त्याण्णव सालच्या फेब्रुवारीतला राखेचा बुधवार होऊन आठवडा झाला असेल. सकाळी बेनेडिक्ट सायकलवरून पाव घेऊन येत होता. मोटारसायकलवरून दोघं आले. निकूनं तेवढ्यातच दुकानाचं शटर वर केलं होतं. मागं बसलेल्यानं कोयता काढला तो त्यानं पाहिला, आणि त्याचा चेहराही पाहिला. टँकरच्या मालकाचा भाचा. त्याच्या मामाचे पंप निकूनंच कितीदा भरून दिले होते. भाच्यानं या दुकानाच्या बाकावर बसून चहा घेतला होता. बेनेडिक्ट जागच्या जागी गेला.

पोलिसांनी विचारलं तेव्हा निकूनं घसा खाकरला नाही की इकडेतिकडे पाहिलं नाही. सरळ नाव सांगितलं. कॅथरीन दारात उभी होती. तिला त्या क्षणी नवऱ्याचा अभिमान वाटला. नंतर कितीतरी वर्षं तो क्षण आठवला की ती चालतं मशीन थांबवायची.

भाच्याला अटक झाली, काही महिन्यांत तो जामिनावर सुटलाही. निकूच्या दारात पोलिसांनी एक हवालदार खुर्ची टाकून बसवला होता. तो थोडे दिवस बसला, मग सणाच्या बंदोबस्ताला गेला तो परत आला नाही. त्यानंतर दुकानात फोन आला. आवाज शांत होता, जवळजवळ प्रेमळ.

"ट्रम्पेट वाजवायला पुढचे दात लागतात ना रे?"

बस, एवढंच. फोन ठेवला.

हत्याराचा परवाना काढ, हे सुचवलं हिलरीनं. हिलरी कॅथरीनचा थोरला भाऊ, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेला. ठाण्याला हेलपाटे घालून, पोलिसांचा अहवाल, दाखले, मुलाखत असं सगळं होईपर्यंत वर्ष उलटलं. मग मुंबईच्या दुकानातून सरकारी कारखान्यात बनलेलं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर आलं. जेवणाच्या टेबलावर ठेवलं तेव्हा कॅथरीननं आधी मिठाची बरणी बाजूला घेतली. का घेतली ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

पहिले काही दिवस निकूनं ते रुमालात गुंडाळून पँटच्या उजव्या खिशात ठेवलं. त्या वजनानं पँट एका अंगाला ओढली जायची. खिशाचं अस्तर फाटलं. टेरिकॉटच्या कापडातून आतला आकार असा उठून दिसायचा की मासळीवालीनंसुद्धा विचारलं, "खिशात काय पापलेट घातलंस का?" एका रविवारी हिलरीनं ते बाहेर काढायला लावलं तर घोड्याच्या मागच्या फटीत तांब्याच्या तारेचा तुकडा अडकलेला आणि ट्रिगरला टेकून दोन रुपयांचं नाणं.

हिलरी पांढराफटक पडला. "मांडी फुटली असती तुझी. हे खिशात नुसतं ठेवायची वस्तू नाही. याला होल्स्टर पाहिजे."

"कमरेचं घेऊ?"

"ते घालून चर्चमध्ये मिसाला जाणार? सगळं गाव बघेल. खांद्याखालचं घेतलंस तर वर कोट हवा. मे महिन्यात कोट घालून पंप भरणार?" हिलरीनं मान हलवली. "खिशातलंच घे. चामड्याचं. ट्रिगर पूर्ण झाकला पाहिजे. चामड्याची खरबरीत बाजू बाहेर, म्हणजे खिशाच्या कापडाला धरून राहील. बाहेरच्या अंगाला सपाट पट्टी, म्हणजे बघणाऱ्याला पाकीट वाटेल. आणि ऐक, त्या खिशात दुसरं काही नाही. चावी नाही, नाणं नाही, काही नाही."

निकूच्या उजव्या खिशात लग्नापासून रोझरीची माळ असायची. ती त्यानं काढली, थोडा वेळ हातात धरली, आणि डाव्या खिशात टाकली.

विरार स्टेशनजवळ कृष्णा नावाचा एक चामड्याचं काम करणारा होता. पट्टे, चष्म्याची घरं, मासळीवाल्यांच्या सुऱ्यांची म्यानं असं काय काय करायचा. असलं काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं, पण नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. पहिलं कव्हर त्यानं मऊ बकऱ्याच्या चामड्याचं केलं. हातात छान वाटायचं. पण रिव्हॉल्व्हर बाहेर काढलं की कव्हर मोज्यासारखं मिटून जायचं, परत घालायला दोन्ही हात लागायचे.

"म्हशीचं जाड घेऊ," कृष्णा म्हणाला. "ओलं करून वस्तूवरच बसवतो. वाळलं की तोंड उघडं राहतं. वस्तू ठेवून जा दोन दिवस."

वस्तू ठेवून जाता येत नव्हती, कायदा तसा होता. तेव्हा निकूनं घरी बसून कानशीनं घासून घासून तिचा लाकडी नमुना केला. चक्र, मूठ, पुढची नळी, सगळं हुबेहूब. कॅथरीनला तो नमुना खऱ्यापेक्षा वाईट वाटला. खरं निदान विकत आणलेलं होतं. हे तिच्या माणसाच्या हातून निघालं होतं.

दुसरं कव्हर चांगलं बसलं. जाड, तपकिरी, बाहेरून सपाट. खिशात पाकीटच वाटायचं. फक्त घट्ट होतं. हिलरीनं एका बाजूला चामड्याचा कान काढायला सांगितला होता, म्हणजे हत्यार ओढलं की कान खिशाच्या काठाला अडकेल आणि कव्हर आतच राहील. पण कृष्णा म्हणाला, कान वरून दिसेल. निकूलाही ते पटलं.

"घट्ट आहे रे थोडं."

"वापरून सैल होईल अंकल. चामडं आहे. माणसागत ते पण नरम पडतं."

मग कॅथरीनचं काम सुरू झालं. तिनं निकूच्या सगळ्या पँटींचे उजवे खिसे उसवले. जीनच्या कापडाचे नवे, रुंद, खोल खिसे लावले, काठाला दुहेरी शिवण घातली. तो आतल्या खोलीत दार लावून, गोळ्या काढून सराव करायचा. उभ्यानं हात आत जायचा. बसल्यावर जायचा नाही. रिक्षात बसला की खिसा मांडीला आवळायचा आणि हत्यार असून नसल्यासारखं. चर्चमध्ये गुडघे टेकले की मूठ जांघेत रुतायची. पावसाळ्यात चामड्याला बुरशी धरायची, लोखंडाला गंज. रोज संध्याकाळी तो ते वेगवेगळं करून पुसायचा, तेल लावायचा. पूर्वी याच वेळेला तो ट्रम्पेट पुसायचा.

बँड लवकरच सुटला. बँडच्या पँटी पांढऱ्या आणि अंगाबरोबर असायच्या. त्यात काहीही लपत नव्हतं. कॅथरीननं एक पँट सैल करून दिली, पण वाजवताना दोन्ही हात वर असतात आणि सगळं गाव समोर असतं. निकूचं लक्ष सुरात राहीना. नवरीच्या मिरवणुकीत त्याचे डोळे माणसांच्या हातांवर फिरत राहायचे. शेवटी कॉन्रॅड घरी आला. चहा अर्धा टाकून म्हणाला, "निकू, पोरं घाबरतात तुझ्या बाजूला बसायला. तूच सांग मी काय करू."

निकू म्हणाला, "काही करू नको." आणि दुसऱ्या दिवशी ट्रम्पेट ग्लेनला देऊन टाकला.

ग्लेन तेव्हा बावीस वर्षांचा होता. बाप गेल्यापासून तो घर धरून होता, नोकरी शोधत होता. नव्व्याण्णव सालच्या मे महिन्यात त्याला अंधेरीला एका कंपनीत नोकरी लागली. शुक्रवारचा दिवस, भर दुपार. निकू आणि कॅथरीन पापडीच्या बाजारात सुकी मासळी घ्यायला गेले होते. ग्लेन मोटारसायकल कडेला लावून त्यांना शोधत बाजारात शिरला. ते दिसताच धावत सुटला. डोक्यावर हेल्मेट तसंच, काच वर केलेली, हातात पिशवी.

कॅथरीननं त्याला ओळखलं. धावायच्या पद्धतीवरूनच ओळखलं. ती हसून हात वर करणार तोच तिच्या शेजारी निकूचा खांदा हलला.

तिनं जे पाहिलं ते असं. निकूचा हात खिशातून बाहेर आला, सरळ झाला, आणि त्या हातात तपकिरी चामड्याचा जाड गोळा होता. कव्हर सुटलंच नव्हतं, रिव्हॉल्व्हरबरोबर बाहेर आलं होतं. निकूचं बोट त्या चामड्यावर, बरोबर ट्रिगर असतो त्या जागी दाबलं गेलं होतं. नख पांढरं झालं होतं. ते बोट दाबत होतं, आणि ग्लेन समोर उभा होता, दहा-बारा फुटांवर.

"निकोलस अंकल," तो म्हणाला. "मी आहे. मी."

त्याच्या हातातली पिशवी खाली पडली. पेढे होते तिच्यात.

बोट तरीही लगेच निघालं नाही. कॅथरीननं दोन्ही हातांनी नवऱ्याचं मनगट धरून खाली ओढलं. मग कुणीतरी ओरडलं आणि सगळे एकदम पळाले.

पोलिस चौकीत हिलरी धावून आला, ग्लेननं तक्रार नाही म्हणून लिहून दिलं, गैरसमजातून झालं अशी नोंद झाली. रिव्हॉल्व्हर जाताजाता वाचलं. चौकीबाहेर ग्लेननं कॅथरीनच्या गालाला गाल लावला. निकूकडे त्याला बघवेना. तो अंधेरीला भाड्यानं राहायला गेला आणि आईलाही घेऊन गेला. शेजारच्या घराला कुलूप लागलं.

त्या संध्याकाळी कॅथरीन म्हणाली, "ते कव्हर सुटलं नाही म्हणून पोरगा वाचला. देवानं वाचवला. आता ते विहिरीत टाक, निकू. कव्हर पण टाक आणि आतलं पण."

निकू खाटेच्या काठावर बसला होता.

"तो असता तर?" तो म्हणाला.

"कोण तो?"

"भाचा. त्याच्या जागी भाचा असता तर मी मेलो असतो. कव्हर सुटलं नाही ना."

कॅथरीनला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय. कळलं तेव्हा ती उठून परसात गेली आणि केळीच्या बुंध्याला धरून उभी राहिली. सोमवारी निकू विरारला गेला. कृष्णाकडून कव्हर आतून तासून घेतलं, तोंड मोकळं करून घेतलं, बाजूला कान शिवून घेतला. आता हत्यार लोण्यातून निघाल्यासारखं निघायचं. खिसा त्या कानाच्या मापानं पुन्हा कापायला हवा होता. कॅथरीननं कात्री हातात घेतली आणि परत ठेवली.

"मी नाही शिवणार."

निकूनं तो विरारच्या शिंप्याकडून शिवून आणला.

त्याच वर्षी निवडणूक लागली, आणि निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं पोलिस ठाण्यात जमा करावी लागतात. निकू पावती घेऊन घरी आला तो एखादा अवयव कापून ठेवून आल्यासारखा. दुसऱ्या दिवशी त्याच्या खिशात पुन्हा तोच उंचवटा दिसला. कपडे धुवायला घेताना कॅथरीननं हात घातला तर कव्हरात लाकडी नमुना होता. महिनाभर तो लाकूड घेऊन हिंडला. चालताना हात तसाच खिशाशी, नजर तशीच लोकांच्या हातांवर. ते पाहून तिला वाटलं, लाकूड काय नि लोखंड काय, आता याला दोन्ही सारखंच.

खटला उभा राहायला दोन हजार तीन साल उजाडलं. तोवर हल्ला पाहिलेला पानवाला साक्षीदार फिरला होता. दूधवाल्यानं आपण त्या दिवशी गावातच नव्हतो असं सांगितलं. उरला निकू. ठाण्याच्या कोर्टात हत्यार नेता येत नाही, म्हणून ते घरी कपाटात कुलपात ठेवून तो हिलरी आणि कॅथरीनबरोबर एसटीनं गेला. रस्ताभर त्याचा उजवा हात मांडीवर, रिकाम्या खिशावर पडून होता.

पिंजऱ्यात मात्र तो नीट उभा राहिला. सरकारी वकिलानं विचारलं ते सगळं त्यानं सांगितलं, बोट करून भाच्याला दाखवलं. कॅथरीनला वाटलं, झालं. एवढ्यासाठीच ही वर्षं होती, ती संपली.

मग बचावाचा वकील उठला. म्हातारा, सौम्य बोलणारा.

"मयत बेनेडिक्ट तुमचे शेजारी. त्यांचा मुलगा ग्लेन. त्याला तुम्ही किती वर्षं ओळखता?"

"जन्मापासून."

"नव्व्याण्णव सालच्या मे महिन्यात, पापडीच्या बाजारात, याच ग्लेनवर तुम्ही रिव्हॉल्व्हर रोखलं होतंत. खरं आहे?"

निकूनं कठडा धरला. "हो."

"वेळ?"

"दुपारची."

"अंतर?"

"दहा-बारा फूट असेल."

"कोण आहे असं वाटलं तुम्हाला?"

निकूनं भाच्याकडे पाहिलं. न्यायाधीशांनी मान वर केली. वकिलानं प्रश्न पुन्हा विचारला, तितक्याच सौम्यपणे.

"आरोपी," निकू म्हणाला. "आरोपी वाटला."

"म्हणजे जन्मापासून ओळखीचा मुलगा, भर दुपारी, दहा फुटांवरून, तोंड उघडं असताना, तुम्हाला आरोपी वाटला." वकिलानं कागद खाली ठेवला. "आणि बेनेडिक्टवर हल्ला करून धावत्या मोटारसायकलवरून पळालेला माणूस तुम्ही रस्त्यापलीकडून ओळखलात. माझे प्रश्न संपले."

भाचा निर्दोष सुटला.

गावात कुणी फटाके वाजवले नाहीत, कुणी धमकीही दिली नाही. त्याची गरजच उरली नाही. भाचा आता निकूच्या दुकानासमोरून जाताना गाडी हळू करायचा आणि आदरानं म्हणायचा, "काय अंकल, बरं आहे ना?" निकूचा हात खिशात जायचा आणि आत तसाच राहायचा. त्या हातानं मग दिवसभर तारेचा एक वेढा धड पडायचा नाही.

पुढच्या वर्षी परवान्याची मुदत संपली. नूतनीकरणाच्या अर्जावर उत्तर आलं की खटला निकाली निघाला असल्यानं अर्जदाराच्या जिवाला धोका राहिलेला दिसत नाही. हिलरीनं अपील करू म्हटलं. निकूनं नको म्हटलं. मुंबईच्या त्याच दुकानात रिव्हॉल्व्हर परत गेलं. घरी आल्यावर त्यानं चामड्याचं कव्हर परसातल्या पाचोळ्याबरोबर पेटवलं. म्हशीचं चामडं लवकर जळत नाही. दुसऱ्या दिवशीही परसात वास होता.

कॅथरीनला इतकी वर्षं वाटत होतं की ही वस्तू घरातून गेली की निकू परत येईल. वस्तू गेली. निकूनं दुकानाचं शटर वर करणं बंद केलं. मग चर्चला जाणं बंद केलं. मग ओटीवर बसणंही. रस्त्यावर मोटारसायकलचा आवाज आला की तो आतल्या खोलीत जायचा, आणि गावात मोटारसायकली तर रोज वाढत होत्या. ग्लेनचा नाताळला फोन यायचा. निकू फोनपाशी येऊन उभा राहायचा, हात पुढं करायचा नाही.

घर आणि दुकान विकून ते दोन हजार पाचमध्ये विरार पूर्वेला, चंदनसारला, तिसऱ्या मजल्यावर राहायला गेले. तिथं त्यांना कुणी ओळखत नव्हतं. कॅथरीननं मशीन खिडकीपाशी मांडलं आणि शेजारणींच्या ब्लाउजची कामं घ्यायला लागली. निकू खिडकीपासून लांब, भिंतीला पाठ लावून बसायचा. टीव्ही चालू असायचा, आवाज बंद. बाहेरचं ऐकू यायला हवं म्हणून.

एका सकाळी शेजारच्या फ्लॅटमधली ज्ञानदा विरजण मागायला आली. नवं लग्न झालेली, बोलघेवडी मुलगी. दारातूनच आत डोकावून म्हणाली, "काकू, काका कधी खाली दिसत नाहीत. काय करायचे ते आधी?"

कॅथरीनच्या ओठांवर दोन-तीन उत्तरं आली. वाटीत विरजण घालताना तिनं ती एकेक करून गिळली.

"मोटारी दुरुस्त करायचे," ती म्हणाली.

"अय्या, आमच्या पंख्याची मोटर बघतील का?"

"नाही गं. आता हात थरथरतो."

ज्ञानदा गेली. दार लावून कॅथरीन वळली तर निकू आतल्या दाराच्या आड उभा होता.

"कोण होतं?"

"शेजारची. विरजण न्यायला आली होती."

"एकटीच होती?"

"एकटीच."

"जिन्यावर कुणी होतं का, बघितलंस?"

"नव्हतं कुणी, निकू."

तो पुढं आला, तिच्या बाजूनं हात घालून त्यानं दाराची साखळी अडकवली, ओढून पाहिली, आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. कॅथरीन मशीनपाशी गेली. ब्लाउज दुपारपर्यंत द्यायचा होता आणि अजून बाह्या लावायच्या राहिल्या होत्या.